ओर्व्हिएतोला दोन तास पुरत नाहीत

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील इटलीच्या सहलीविषयीचा लेख आणि त्यासोबत छापलेला आठ दिवसांचा कार्यक्रम मी लक्षपूर्वक वाचला. त्यात फ्लॉरेन्सहून रोमला जाताना ‘ओर्व्हिएतो : दोन तास’ अशी नोंद आहे. याच ओर्व्हिएतोत मी आणि माझी पत्नी ऑक्टोबरमध्ये चार रात्री राहिलो आणि तेथून पुढे तीन रात्री फ्लॉरेन्सला होतो. दोन तासांचा हिशेब आम्हालाही एका सहल कंपनीने असाच आखून दिला होता. पत्नीने तो नाकारला नसता, तर आम्हीही गाडीतून उतरून, कॅथेड्रलसमोर छायाचित्र काढून पुन्हा गाडीत बसलो असतो. पुरवणी वाचून अनेक जोडपी आपला कार्यक्रम ठरवतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ओर्व्हिएतो हे उंब्रिया प्रांतातले गाव. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या ‘तूफा’ नावाच्या मऊ दगडाचा एक सरळसोट कडा सभोवतालच्या दरीतून वर आला आहे आणि त्याच्या सपाट माथ्यावर हे गाव वसले आहे. रेल्वे स्थानक पायथ्याशी आहे. रोम आणि फ्लॉरेन्स यांना जोडणाऱ्या अतिवेगवान गाड्या याच पायथ्यावरून न थांबता निघून जातात. येथे उतरायचे तर साध्या प्रादेशिक गाडीने किंवा इंटरसिटीने यावे लागते. स्थानकासमोरूनच केबलने ओढला जाणारा लोहमार्ग वर जातो. तो १८८८ साली सुरू झाला, तेव्हा पाण्याच्या वजनावर चालत असे. मधली काही वर्षे बंद राहून १९९० पासून तो विजेवर धावू लागला. डबा वर पोहोचेपर्यंत आपण दरी सोडून आकाशाजवळ आलो आहोत, असे वाटू लागते.

सहलींच्या बसमधून आलेली मंडळी सहसा सकाळी दहानंतर वर येतात आणि दुपारी चारच्या सुमारास परततात. नेमक्या याच वेळात गाव आपला चेहरा झाकून घेते. दुपारी एकच्या सुमारास बहुतेक छोटी दुकाने कुलूप लावतात, ती तीन-चार तासांनी उघडतात. गावातली माणसे घरी जेवतात आणि विश्रांती घेतात. पाहुणे भर दुपारी बंद दारांसमोरून फिरतात आणि ‘फारसे काही नव्हते’ असे म्हणत परततात. यात गावाचा काही दोष नाही, आपण चुकीच्या वेळी दार वाजवतो.

या गावातली एक विहीर मात्र कोणत्याही वेळी पाहावी, पण घाईत पाहू नये. १५२७ साली रोमची लूट झाली, तेव्हा पोप सातवे क्लेमंट ओर्व्हिएतोच्या आश्रयाला आले. गावाला वेढा पडला तर पाणी मिळावे म्हणून त्यांनी आंतोनियो दा सांगाल्लो (धाकटा) या वास्तुकाराकडून ही विहीर खोदवून घ्यायला सुरुवात केली; ती १५३७ साली पूर्ण झाली. खोली सुमारे ५३ मीटर. विहिरीच्या मध्यभागी पोकळ कूपक आहे आणि त्याभोवती दोन स्वतंत्र जिने एकमेकांवर गुंफल्यासारखे फिरत जातात. एकाने खेचरे रिकामी उतरायची, तळाशी पूल ओलांडून पाणी भरून घ्यायची आणि दुसऱ्याने वर यायची. त्यामुळे उतरणारे आणि चढणारे जनावर वाटेत कधीही समोरासमोर येत नसे. पायऱ्या २४८ आहेत, पण खेचरांसाठी केलेल्या असल्यामुळे रुंद आणि कमी उंचीच्या आहेत. पत्नीच्या गुडघ्यांना जिने सोसत नाहीत. तरीही ती ही विहीर न थांबता उतरली आणि सावकाश का होईना, पण चढूनही आली.

तेथे घडलेली एक लहानशी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन्ही जिन्यांच्या आतल्या भिंतीत मधल्या पोकळीकडे उघडणाऱ्या ७० खिडक्या आहेत. मी छायाचित्रे काढत मागे रेंगाळलो आणि पत्नी पुढे गेली. अर्ध्या वाटेवर मी एका खिडकीतून डोकावलो, तो पलीकडच्या खिडकीतून कुणीतरी हात हलवताना दिसले. पत्नी तळ गाठून पूल ओलांडून चढत्या जिन्याला लागली होती आणि मी अजून उतरतच होतो. आमच्यामध्ये चार-पाच मीटरची पोकळी होती, तिचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, पण तिच्यापर्यंत पोहोचायचे तर मला तळापर्यंत जाऊनच यावे लागणार होते. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या वास्तुकाराने काय साधले आहे, ते कोणत्याही माहितीफलकापेक्षा त्या क्षणी मला जास्त नीट कळले. निसर्गाने गावाच्या संरक्षणासाठी जे देण्याचे नाकारले, ते माणसाच्या उद्योगाने मिळवून दिले, अशा अर्थाचा लॅटिन लेख विहिरीवर कोरलेला आहे. वर आल्यावर तो आम्ही पुन्हा एकदा वाचला.

आता संध्याकाळविषयी, कारण माझे खरे म्हणणे त्याविषयीच आहे. ओर्व्हिएतोच्या कॅथेड्रलचे बांधकाम १२९० साली सुरू झाले आणि ते पुढे सुमारे तीन शतके चालले. काळा बेसाल्ट आणि फिकट ट्रॅव्हर्टाइन यांचे आडवे पट्टे असलेल्या भिंती, आणि पुढे लोरेन्झो माइतानी याच्या आखणीतून उभा राहिलेला सोनेरी मोझेकचा दर्शनी भाग. हा दर्शनी भाग पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी दहा-अकराला येणाऱ्या पाहुण्याला तो सावलीत दिसतो. त्याच्या छायाचित्रात आकाश उजळलेले आणि मोझेक मात्र मंद झालेले असतात. सूर्य कलला की उन्हाचा पट्टा खालच्या खांबांवरील कोरीव पटांवर येतो आणि आदमच्या बरगडीतून इव्हची निर्मिती दाखवणाऱ्या दगडी आकृतींची सावली एकेका बोटाएवढी खोल होते. मग वरचे मोझेक पेट घेतल्यासारखे दिसू लागतात. आम्ही चारही संध्याकाळी समोरच्या दगडी बाकावर बसून हे पाहिले आणि कोणत्याही दोन संध्याकाळी रंग सारखा नव्हता. तेवढ्यात चौकाच्या कोपऱ्यातल्या बुरुजावरचा मॉरिझियो नावाचा कांस्यपुतळा हातोड्याने घंटेवर तास वाजवी. तो चौदाव्या शतकापासून तेथे उभा आहे. त्या वेळी चौकात सायकल चालवणारी दोन मुले, कुत्र्याला फिरवायला आलेले एक आजोबा आणि आम्ही दोघे, एवढेच असायचो.

आतल्या सान ब्रीत्सिओ चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनादालनात, लुका सिन्योरेल्ली याने १४९९ ते १५०४ या काळात रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे अखेरच्या न्यायाच्या दिवशी मृतांचे जमिनीतून वर येणे त्याने असे रंगवले आहे की कोणी अर्धा बाहेर आला आहे, कोणी हात टेकून स्वतःला ओढून घेत आहे. ही चित्रे पाहायला निदान तास तरी हवा आणि मान दुखली की मध्येच बसून घ्यावे.

जेवणाविषयी शाकाहारी वाचकांसाठी थोडे. गावात ‘उंब्रिकेल्ली’ नावाचा हाताने वळलेला, जाड शेवेसारखा पास्ता मिळतो. तो ऑलिव्हचे तेल, लसूण आणि टोमॅटो यांसोबत मागवता येतो. पाव अळणी असतो. तो चुकून अळणी झाला नसून या भागाची तीच रीत आहे. ‘मांस नको’ एवढे सांगणे मात्र पुरत नाही. पार्मिजानो चीज बनवताना वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, वापरावे असा त्याचा नियमच आहे, त्यामुळे कटाक्षाने शाकाहारी असणाऱ्यांनी ‘सेंझा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, असे सांगावे. बिलात माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ म्हणून लावलेले दिसतील. ही फसवणूक नव्हे. टेबल आणि पाव यांचा तो रूढ आकार आहे.

एका दिवशी आम्ही बसने जवळच्या चिव्हिता दि बान्योरेज्जोला गेलो. तेही तूफाच्या कड्यावरच आहे, पण कडा चहूबाजूंनी ढासळत गेल्यामुळे गाव एका बेटासारखे उरले आहे. तेथे फक्त पायी चालण्याच्या लांब पुलावरूनच जाता येते. ‘मरत चाललेले गाव’ अशी त्याची ओळख झाली आणि आता त्यात मोजकीच माणसे राहतात. २०१३ पासून तेथे प्रवेशशुल्क आहे. ओर्व्हिएतोचा कडाही ढासळत होता. त्याला सावरण्यासाठी १९७८ साली इटलीने स्वतंत्र कायदा केला आणि कडा बांधून काढण्याचे मोठे काम झाले. मोटारी पायथ्याशी ठेवून सरकत्या जिन्यांनी वर यावे, अशी सोयही गावाने केली. ‘चित्तास्लो’, अर्थात संथ गतीने जगणाऱ्या गावांच्या १९९९ साली सुरू झालेल्या चळवळीचे मुख्यालय ओर्व्हिएतोतच आहे आणि गोगलगाय हे तिचे चिन्ह आहे. ज्या गावाने आपली गती इतक्या विचारपूर्वक ठरवली आहे, त्यालाच आपण सर्वांत घाईने उरकतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

फ्लॉरेन्सला जाताना प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट फलाटावरील यंत्रात शिक्का मारून घ्यायचे मी विसरलो. गाडी सुटल्यावर लक्षात येताच मी स्वतःहून तिकीट तपासनीसांकडे गेलो. त्यांनी तिकिटावर पेनाने तारीख आणि वेळ लिहून मला सोडले, पण नियमाप्रमाणे दंड होऊ शकला असता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

फ्लॉरेन्स हे मोठे शहर असले तरी तेथेही मुक्कामाचा फरक जाणवतोच. दिवसा पोन्ते व्हेक्क्यो या जुन्या पुलावर पाऊल ठेवायला जागा नसते. सकाळी साडेसहाला आम्ही तेथे गेलो, तेव्हा सोनारांच्या दुकानांची लाकडी झापडे बंद होती, पुलाखालून आर्नो नदी वाहताना ऐकू येत होती आणि पहाटेची झाडलोट करणारा एकच माणूस होता. या पुलावर पूर्वी खाटकांची दुकाने होती, ती १५९३ साली हटवून सोनारांना जागा देण्यात आली, हे त्या शांततेत पत्नीने मला सांगितले. तेथील कॅथेड्रलच्या आत, मुख्य दाराच्या वर, पाओलो उच्चेल्लो याने १४४३ साली रंगवलेले घड्याळ आहे. त्यावर चोवीस तास आहेत, काटा उलट्या दिशेने फिरतो आणि दिवसाचा शेवटचा तास सूर्यास्ताला पूर्ण होतो. जुन्या इटलीत दिवस असाच मोजत. चार वाजता बसमध्ये बसणाऱ्या पाहुण्याचा दिवस त्या घड्याळाप्रमाणे अजून संपलेलाच नसतो.

राहणारा आणि केवळ पाहून जाणारा पाहुणा यांतला फरक इटलीने आता नियमांतही मांडला आहे. फ्लॉरेन्समध्ये हॉटेलात राहणाऱ्याकडून प्रतिरात्र निवासकर घेतला जातो आणि आम्हीही तो आनंदाने भरला. व्हेनिसने २०२४ पासून ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांवर ५ युरो शुल्क लावले. शहरात रात्री राहणाऱ्यांना त्यातून सूट आहे. दुसऱ्या बाजूने, पाहुण्यांना द्यायला म्हणून रहिवाशांची घरेच रिकामी होऊ नयेत, यासाठी फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने २०२३ साली ऐतिहासिक भागात अल्पमुदतीच्या भाड्याची नवी घरे थांबवण्याचा निर्णय घेतला. आम्ही दोन्ही ठिकाणी लहान, कुटुंबाने चालवलेल्या हॉटेलांत उतरलो. इतरांनीही शक्य तेथे तसेच करावे, अशी माझी विनंती आहे.

पूर्ण आठवडा एका गावाला द्यावा, असे मी म्हणत नाही. रजा आणि पैसा यांची मर्यादा प्रत्येकाला असते. तरी आपल्या पुरवणीतील कार्यक्रमात एवढी एक दुरुस्ती छापता आली तर पाहावी : ओर्व्हिएतोसमोर ‘दोन तास’ऐवजी ‘एक रात्र’ असे लिहावे आणि ती रात्र मिळवण्यासाठी यादीतले एखादे शहर वगळावे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक