पारितोषिक सरकारचे, बंदीही सरकारचीच

संपादक महोदय,

शासकीय पुरस्कार आणि लेखनस्वातंत्र्य यांवर आपल्याकडे वाद झाला की, दडपशाहीच्या काळात सरकारी पुरस्कार स्वीकारणे म्हणजे सरकारला शरण जाणे, असे मत ठामपणे मांडले जाते. ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ या लष्करी राजवटीत झालेल्या राष्ट्रीय नाट्यलेखन स्पर्धेचा इतिहास पाहता हे मत मला अपुरे वाटते.

शिक्षण व संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय नाट्यसेवा ही संस्था ही स्पर्धा घेत असे. नाटकांची सेन्सॉरशिप मात्र संघीय पोलिसांच्या हाती होती. १९६८ मध्ये ओदुवाल्दो व्हियाना फिल्यो यांच्या, परागंदा झालेल्या एका लॅटिन अमेरिकी हुकूमशहावरील नाटकाला पहिले पारितोषिक मिळाले आणि त्याच नाटकावर बंदी आली. पुढे कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले असताना त्यांनी 'रास्गा कोरासाँव' हे नाटक पूर्ण केले. त्याचा अखेरचा भाग त्यांनी तोंडी सांगितला. जुना कम्युनिस्ट कार्यकर्ता असलेला बाप आणि त्याच्या राजकारणाकडे पाठ फिरवणारा तरुण मुलगा यांच्यातील संघर्षातून हे नाटक ब्राझीलच्या सुमारे चाळीस वर्षांच्या राजकीय जीवनाचा पट उभा करते. १९७४ च्या स्पर्धेत ते पहिले आले. लेखक त्याच वर्षी जुलैत, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी वारले, आणि नाटकावर पुन्हा बंदी आली. दोन्ही नाटके रंगमंचावर यायला १९७९ उजाडले.

परीक्षकांना ही बंदी रोखता आली नाही, हे खरे. तरीही त्यांचे काम व्यर्थ गेले असे मी मानत नाही. देशातील सर्वोत्तम नाटक कोणते, हे त्यांनी सरकारच्याच दप्तरी नोंदवून ठेवले, आणि त्यामुळे त्या नाटकावरील बंदीला कलात्मक दर्जाची सबब उरली नाही. त्यानंतर पत्रकार व्लादिमीर हेर्झोग यांचा ऑक्टोबर १९७५ मध्ये साओ पाउलोतील लष्करी कोठडीत मृत्यू झाला आणि ती आत्महत्या असल्याचे अधिकृतपणे सांगण्यात आले. त्यांच्या मृत्यूवर बेतलेल्या नाटकाचीही याच स्पर्धेच्या परीक्षकांनी निवड केली. सरकारने ती संहिता ताब्यात घेतली. अशा काळात असा निर्णय द्यायला किती धैर्य लागले असेल, याची जाणीव नाट्यलेखनाच्या इतिहासात आपण फारशी ठेवत नाही. लेखकांची नावे राहतात, परीक्षकांची राहत नाहीत.

महाराष्ट्रात आज तशी राजवट नाही आणि तुलना ताणण्याची माझी इच्छा नाही. परंतु नाट्यप्रयोगाआधी संहिता शासननियुक्त परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घेण्याची पद्धत आपल्याकडे दीर्घकाळ आहे, आणि नाट्यस्पर्धा व वाङ्मय पुरस्कारही शासनच देते. डिसेंबर २०२२ मध्ये, माओवादी असल्याच्या आरोपाखाली तुरुंगवास भोगलेले कोबाड गांधी यांच्या तुरुंगातील आठवणींच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार शासनाने काही दिवसांतच रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. ब्राझीलच्या लष्करी सरकारने नाटके बंद पाडली. आपल्या लोकनियुक्त सरकारने परीक्षकांचा निर्णयच पुसून टाकला. लेखनाचे मोल ठरवण्याच्या दृष्टीने मला ही दुसरी गोष्ट अधिक चिंताजनक वाटते, कारण बंदी उठू शकते, पण पुसलेल्या निर्णयाची नोंद उरत नाही.

म्हणून माझी शासनाला आणि साहित्यसंस्थांना विनंती आहे की, जाहीर झालेला निर्णय प्रशासकीय आदेशाने फिरवता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद पुरस्कारांच्या नियमांत करावी आणि परीक्षकांची लेखी कारणे निकालाबरोबरच प्रसिद्ध करावीत. राज्याच्या स्पर्धांत पारितोषिक मिळालेल्या नाट्यसंहिता, त्यांचा प्रयोग होवो वा न होवो, छापून जिल्हा ग्रंथालयांत ठेवाव्यात.

आपला,
एक नाट्यरसिक वाचक, पुणे