हेडफोनमधला भुंगा आणि तिसरी पिन

महोदय,

श्रावण तोंडावर आला आहे. आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या जागरणासाठी गावोगाव मंडप पडतील, कर्णे बांधले जातील. म्हणून विजेच्या अर्थिंगबद्दलचं हे पत्र आताच लिहिते.

मी निवृत्त शिक्षिका. ८२ वर्षांच्या सासूबाईंची अहिराणी लग्नगाणी उन्हाळ्यात लॅपटॉपवर रेकॉर्ड करायला घेतली. पहिलंच गाणं ऐकलं तर मागे एकसारखं 'घूंऽऽ'. सासूबाईंनी हेडफोन कानाला लावला आणि म्हणाल्या, "व माय, हाऊ भवरा कोठून उना?"

दुकानदाराने हेडफोन 'गेला' म्हणून सांगितलं आणि १,४०० रुपयांचा नवा गळ्यात मारला. घरी आले, भुंगा तसाच! मग शाळेत मुलांना शिकवायचे तेच केलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जुना हेडफोन मोबाईलला लावला, तर आवाज स्वच्छ. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्डिंग केलं, घूं बंद. चार्जर लावला की पुन्हा हजर. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला बोट टेकलं की भुंगा दबायचा आणि बोटाला मुंग्या यायच्या. या मुंग्यांनी मात्र माझी झोप उडाली. (बॅटरीवरही बारीक 'सस्स' उरली होती, पण तो दोष माझाच. माइक दोन हात लांब ठेवून गेन (माइकचा आवाज वाढवायची सोय) पूर्ण चढवला होता. माइक वीतभर अंतरावर आणला, गेन उतरवला, सस्स गेली.)

वायरमन आला. बोर्डाचं तिसरं भोक, अर्थिंगचं, नुसतं शोभेचं निघालं. परसातल्या खड्ड्यात जाणारी तार गंजून कधीच तुटली होती आणि खड्ड्यातलं मीठ-कोळसा कोरडं ठाक. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, काळी माती भेगाळते. त्या खड्ड्यात कोण पाणी घालतं? चार्जरमधून झिरपणाऱ्या किंचित विजेला जमिनीत जायला वाट नव्हती, म्हणून ती लॅपटॉपच्या अंगावर आणि माइकच्या तारेत उतरत होती. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, तिचाच तो सूर. नवी तार जोडली, खड्डा भिजवला, भुंगा आणि मुंग्या एकदमच गेल्या.

आता मंडपाचं. गेल्या वर्षी कानबाईच्या रात्री आमच्या गल्लीत कर्ण्यातून अशीच घरघर येत होती. साउंडवाल्या पोराने पक्कड काढली आणि अँप्लिफायरच्या प्लगची जाड पिन कापून टाकली. घरघर थांबली, लोकांनी वाहवा केली. मीही केली, तेव्हा कळत नव्हतं. मिक्सर (माइकचे आवाज एकत्र करणारं यंत्र) देवळातल्या बोर्डावर आणि अँप्लिफायर शेजारच्या घरातून जोडला, की दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक राहतो आणि त्यामुळे किंचित वीज ऑडिओच्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून वाहत घरघर करते. पिन कापली की ती वाट तुटते, हे खरं. पण मग आत एखादी तार सुटून अँप्लिफायरच्या धातूच्या पेटीला चिकटली, तर २३० व्होल्ट सरळ पेटीवर, आणि तिथून तारेने मिक्सरवर, माइकच्या जाळीवर. समोर ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या आमच्या बायका, हातात माइक, पहाटेपर्यंत गाणी.

यावर साधे उपाय आहेत. सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून घ्या. आवाजाच्या लांब तारा तीनतारी बॅलन्स्ड, म्हणजे वाटेत शिरलेली घरघर रद्द करणाऱ्या, वापरा. तरीही घरघर राहिली तर आवाजाच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा; त्यातून आवाज जातो, पण दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना जोडलेल्या राहत नाहीत. अर्थिंगची पिन कापायची गरजच पडत नाही. मंडपाच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) मात्र हवाच.

मंडळांनी साउंडचा सौदा ठरवताना वॅट आणि कर्णे मोजण्याआधी प्लग हातात घेऊन तीन पिनी मोजाव्यात. दोनच भरल्या तर बयाणा देऊ नये.

— एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर (जि. जळगाव)