टर्बो न बदलणाऱ्या उस्तादांना

उस्ताद, सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही आधीच बजावलंत, म्हणून नुसतं उस्ताद. बीडमध्ये ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. तोंडावर आभार मानले की तुम्ही उगाच पाने पुसायला लागता, म्हणून लिहून पाठवतोय. पोराला वाचून दाखवायला सांगा, पण काम सुटल्यावर.

गाडी दुरुस्त केलीत त्याचे आभार आहेतच, पण ते पैसे दिले की फिटतात. मला आभार मानायचेत ते एकही पार्ट न बदलता तुम्ही जो वेळ गाडीपाशी घालवलात, त्या वेळेचे.

गाडीची तक्रार सांगायला सोपी होती. सपाटीला बरी, चढाला मेलेली. मांजरसुंब्याचा घाट चौथ्यात आरामात चढणारी गाडी तिसऱ्यात कण्हायला लागली. रेस वाढवली की मागं काळा धूर, आणि पुढं काहीच नाही. घाटात निदान मागचे लोक हॉर्न वाजवून निघून जातात. केजच्या रस्त्याला कारखाने सुरू झाल्यावर काय अवस्था असते ते तुम्हाला ठाऊक आहे. उसाच्या जोडट्रॉलीला ओव्हरटेक करायला गाडी बाहेर काढावी, ॲक्सिलेटर तळाला टेकवावा, आणि गाडीनं दमच धरू नये. समोरून एसटी. पिकअप जाणं म्हणजे नुसती गैरसोय नाही, हे तेव्हा पोटात गोळा आला की कळतं.

तुमच्याकडं येण्याआधी एका ठिकाणी दाखवली होती. स्कॅनर लावला, पी०२९९ असा कोड आला, आणि चहा यायच्या आत निकाल लागला: टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, गेला, नवा टाका. आकडा ऐकून आईनं मागच्या सीटवरून विचारलं, "एवढ्यात म्हैस येत नाही का रे?"

तुम्ही मात्र बॉनेटच उघडलं नाहीत. आधी विचारत बसलात. कधीपासून होतंय? थंड इंजिनला की गरम झाल्यावर? हळूहळू झालं की एका दिवसात? धूर काळा, पांढरा की निळसर? गाडी बंद करून परत चालू केली की थोडा वेळ बरी पळते का? शिट्टी ऐकू येते की फुस्स आवाज? डिझेल कुठं भरता, पंपावर की शेतातल्या कॅनमधनं? मला तेव्हा वाटलं, हा माणूस वेळ काढतोय. नंतर कळलं की प्रत्येक उत्तरागणिक तुमच्या डोक्यातला एकेक संशयित सुटत होता. पांढरा-निळा धूर असता तर इंजिन ऑइल कुठंतरी जळतंय का ते आधी बघावं लागलं असतं. बंद-चालू केल्यावर बरी पळाली असती तर इंजिनचा कॉम्प्युटर स्वतःहून ताकद कमी करून लिंप मोडमध्ये जातोय, हे धरून चालावं लागलं असतं. काळा धूर आणि चढाला मार म्हणजे डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय.

आणि तो कोड. तुम्ही म्हणालात, "सर, कोड म्हणजे पेशंटनं सांगितलेलं दुखणं. पोट दुखतं म्हणला म्हणून लगेच कापायचं का?" पी०२९९ एवढंच सांगतो की इंजिननं मागितलं तेवढं बूस्ट, म्हणजे टर्बोनं कोंबलेल्या हवेचा दाब, मिळालं नाही. का मिळालं नाही, ते त्या कोडला माहीत नसतं. एअर फिल्टर चोंदलेला असेल, पाईप फाटला असेल, टर्बोतली पाती काजळीनं अडकली असतील, व्हॅक्यूमची बारीक नळी उंदरानं कुरतडली असेल, एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह, ईजीआर, उघडा अडकला असेल, सायलेन्सरच्या बाजूला वाट तुंबली असेल, नाहीतर बिचारा सेन्सरच खोटं बोलत असेल. इतक्या कारणांतलं सगळ्यांत महागडं कारण पहिल्यांदा का धरायचं?

मग तुम्ही सेन्सरपासून सुरुवात केलीत, ते मला फार आवडलं. चावी चालू, इंजिन बंद. स्कॅनरवर बूस्टच्या सेन्सरचा आकडा ९५ किलोपास्कल. मी म्हटलं, बंद गाडीत कसलं बूस्ट? तुम्ही म्हणालात, हा बाहेरच्या हवेचा दाब आहे. समुद्राकाठी हाच आकडा १०१ च्या आसपास यायला हवा, बीड पाचशे मीटरवर आहे, इथं ९५ बरोबर. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. भूगोल शिकवून माझी हयात गेली, पण बीडची उंची गॅरेजात कामाला येताना पहिल्यांदा पाहिली.

पुढची कामं झपाझप झाली. एअर फिल्टर ठीक. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी आहे का पाहिलंत, नव्हतं. टर्बोची पाती हलवणाऱ्या दांडीला हातपंपानं व्हॅक्यूम दिलात. दांडी न अडखळता ओढली गेली आणि जागेवर टिकली, म्हणजे डायफ्रॅम शाबूत, पाती मोकळी. मग पाईप काढून टर्बोचा पंखा बोटांत धरून हलवलात. आजूबाजूला जराशी ढिलाई होती, पण आत-बाहेर अजिबात नाही, आणि पंखा कडेला कुठं घासल्याची खूण नाही. पाईपच्या आत तेलाचा पातळ थर बघून मी दचकलो, तर तुम्ही म्हणालात एवढं असतंच, इंजिनच्या श्वासाबरोबर येतं, डबकं साचलं तर घाबरा. जो टर्बो बदलायचा होता तो धडधाकट निघाला.

जागेवर उभं राहून रेस दिली तर गाडी गुळगुळीत. इथंच बहुतेक जण फसतात असं तुम्ही म्हणालात. न्यूट्रलला इंजिनवर भार नसतो, डिझेल थोडंच जळतं, एक्झॉस्टला जोर नसतो, मग टर्बो फुंकणार कशानं? आणि दाबच नाही म्हटल्यावर फाटका पाईपही शहाण्यासारखा गप्प बसतो. म्हणून मला ड्रायव्हिंगला बसवलंत, स्कॅनर तुमच्या मांडीवर, आणि पालीच्या पुढं घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलेटर. मला डोळे रस्त्यावरच ठेवायला सांगितलंत आणि आकडे तुम्ही मोठ्यानं वाचत होतात. रेल प्रेशर, म्हणजे डिझेलचा दाब, हजारावर बार मागितलं तर हजारावर मिळतंय, डिझेलची बाजू सुटली. बूस्ट मागितलं २१० किलोपास्कल, मिळालं १४०. मागणी वर जातेय आणि मिळकत तिथंच. आतली भानगड मला त्या दोन आकड्यांत पहिल्यांदा दिसली.

परत आल्यावर तुम्ही पीव्हीसी पाईपची टोपी काढलीत, जिच्या मधोमध ट्यूबचा वॉल्व्ह बसवलेला आहे. हे यंत्र कुठल्या दुकानात मिळतं विचारलं तर तुम्ही हसलात. टर्बोच्या तोंडाला ती टोपी क्लॅम्पनं आवळली, हवेच्या मशिनीनं पंधरा पीएसआयच्या आत हवा भरली, आणि बाटलीतलं साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर मारत गेलात. एक बुडबुडा नाही. माझं तोंड उतरलं. टर्बोचा आकडा परत डोळ्यांपुढं आला.

तुम्ही थांबला नाहीत. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडं जाणाऱ्या होजच्या खालच्या अंगाला टॉर्च मारलात. तिथं एक ओला काळा पट्टा होता, त्यावर धूळ बसून चिखल झालेला. "हवा जिथनं पळती तिथं तेलाचा डाग पडतो," म्हणालात. पण बुडबुडा का नाही? मग पोराला पहार आणायला सांगितलीत, आणि इंजिनला हळूच एका बाजूला रेटा दिलात. लगेच त्या पट्ट्यातनं फेस उसळला. होजला खालून क्लॅम्पच्या कडेनं चीर गेली होती. इंजिन जागेवर असताना ती मिटून राहायची. भार आला, इंजिन आपल्या रबरांवर कलंडलं, की उघडायची. काळा धूरही तिथंच उलगडला. आत येणारी हवा टर्बोच्या आधीच्या सेन्सरनं मोजलेली, त्या हिशोबानं डिझेल सुटलेलं, आणि वाटेत निम्मी हवा बाहेर.

दुसऱ्या कुणी होज बदलून गाडी दिली असती आणि मी खुशीत घरी गेलो असतो. तुम्ही मात्र विचारलंत, चीर पडलीच का? इंजिनच्या एका माउंटिंगचं रबर बसलं होतं. इंजिन गरजेपेक्षा जास्त हलत होतं आणि दर वेळी होजला ओढत होतं. नवा होजही तसाच फाटला असता. होज, माउंटिंग, नवे क्लॅम्प, सगळं मिळून टर्बोच्या किमतीपुढं चिल्लर. आणि तरी पैसे घ्यायच्या आधी परत घाटात नेलंत. २१० मागितलं, २०५ च्या पुढं मिळालं. मग कोड पुसलात, आधी नाही.

आता मजुरीचं. तुम्ही तपासणीचे वेगळे पैसे लावलेत तेव्हा बाकड्यावरचे एक गृहस्थ कुजबुजले, "होज टाकायला अर्धा तास, आणि एवढे?" त्यांना तिथं उत्तर द्यायचं राहिलं, ते इथं देतो. काका, अर्धा तास होज टाकायचा, बाकीचा दिवस तो होज आहे हे शोधायचा. आपल्याकडं पार्टच्या बिलावर कुणी घासाघीस करत नाही, कारण पार्ट हातात धरता येतो. मिस्त्रीच्या डोक्याचे पैसे मात्र आपल्याला फुकट गेल्यासारखे वाटतात. मग मिस्त्रीही शहाणा होतो, शोधत बसत नाही, पार्ट बदलत सुटतो. एक नाही तर दुसरा, कधीतरी लागतोच. ते बिल शेवटी आपल्याच खिशातनं जातं. उस्ताद, तुम्ही तो बोर्ड लावाच: तपासणीची मजुरी वेगळी. चार गिऱ्हाईकं जातील, जाऊ द्या.

घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद न करता मिनिटभर तशीच चालू ठेवतोय, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. मिनिटाला लाखावर फेरे घेणाऱ्या पंख्याला ऑइल मिळणं बंद व्हायच्या आत थोडं निवू द्यावं, हे आईलाही पटलंय. ती आता उतरायची घाई करत नाही.

एक काम आहे. आमच्या शाळेतल्या एका सरांची गाडी एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६. घर ते शाळा, शाळा ते घर, एवढीच पळते, आणि डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागलाय. गाडी उचलत नाही. कुणीतरी त्यांना तो फिल्टरच कापून काढायचा सल्ला दिलाय. मी म्हटलं थांबा, काजळी जळायला लांबचा एकसारखा वेग लागतो, ती कधी मोठ्या रस्त्याला गेलीच नाही. आधी उस्तादांना दाखवू. येत्या रविवारी घेऊन येतो. तपासणीची मजुरी लागेल हे त्यांना आताच सांगून ठेवलंय.

आपला,
अंबाजोगाईचे सर