आबांच्या घड्याळाचं झाकण

तीर्थरूप बाबा,
सा. न. वि. वि.

आबांचं घड्याळ दुरुस्त होऊन आलं. चालतंय. एवढं फोनवरही सांगता आलं असतं, पण झाकण उघडल्यावर जे निघालं ते फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही हसून विषय बदलला असतात. म्हणून पत्र.

आधी दुरुस्तीचं. आतलं तेल वाळून चिकट झालं होतं, मुख्य दुखणं तेच. इथल्या म्हाताऱ्या कारागिराने सगळं यंत्र सुटं केलं, धुतलं, नवं तेल दिलं, स्प्रिंग बदलली. पूर्ण किल्ली दिली की आता दीड दिवस चालतं आणि दिवसाला मिनिटभर मागे पडतं. अजून नेमकं लावून देतो म्हणत होता, मी नको म्हटलं. आबा रोज बातम्यांच्या वेळी घड्याळ जुळवायचेच, मलाही तेवढं काम असू दे. तबकडी नव्याने रंगवायचा त्याचा बेत मात्र मी साफ हाणून पाडला. सहाच्या रेघेजवळचा तो पिवळा डाग गेला तर उरलं काय? काचेवरचे चरे तेवढे घासून घेतले. काच कसली, प्लॅस्टिकच ते. पेस्ट लावून घासलं की स्वच्छ होतं.

एचएमटी हे नाव त्याने ऐकलं नव्हतं, पण यंत्र बघताच म्हणाला, हे जपानी वळणाचं आहे. मग मी ऐटीत सांगितलं की 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनेच बंगळूरला हा कारखाना सुरू झाला. काम झाल्यावर त्याने घड्याळ एका मशीनवर ठेवून मला ठोके ऐकवले, सेकंदाला पाच. आबा आमच्या कानाला लावायचे तोच आवाज, पण स्पीकरमधून. दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं, म्हणून सावरलं मी स्वतःला.

आता मुद्दा. 'या घड्याळाला आजवर कुणी हात लावलेला नाही,' हे आबांचं वाक्य आपण सगळ्यांनी किती वेळा ऐकलंय! पाहुणे आले की हमखास. तर बाबा, घड्याळ दुरुस्त करणारे लोक झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक टोकाने खूण आणि तारीख कोरून ठेवतात, पुढच्या माणसाला कळावं म्हणून. आबांच्या झाकणात अशा तीन खुणा आहेत. भिंगातून मी स्वतः पाहिल्या. एक 1971 ची, एक नुसती अक्षरं, आणि तिसरी मे 1979.

मे 1979, बाबा. तुम्ही नववीची परीक्षा देऊन सुट्टीत होतात. किल्लीच्या दांडीपाशी गंजाचा जुना डाग आहे आणि कारागीर म्हणतो, हे पाणी आत गेल्याशिवाय होत नाही. आबांना पोहता येत नव्हतं. आंघोळीला जाताना ते घड्याळ काढून खुंटीला अडकवायचे, हे तुम्हीच सांगता. मग ते पाण्यात कुणाबरोबर गेलं? आणि आबा पाहुण्यांसमोर ते वाक्य म्हणायचे तेव्हा तुम्ही नेमके आत का निघून जायचात? मला तेव्हा वाटायचं, तुम्हाला कंटाळा येतो.

आईसाठी एक गंमत. आबांच्या तबकडीवर आकडे नाहीत, नुसत्या रेघा आहेत. हिवाळ्यात इंग्लंड आपल्याहून साडेपाच तास मागे असतं, त्यामुळे घड्याळ उलटं धरलं की सरळ तुमची वेळ दिसते. इथे तीन वाजले की उलट्या घड्याळात साडेआठ. तासकाटा किंचित पुढे वाटतो, पण चालतं. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे सरकतात, मग ही युक्ती बंद. तोवर मी ऑफिसात मनगट उलटं करून बघत असते आणि शेजारची बाई माझ्याकडे बघत असते.

पट्टा नवा घातलाय, जुना डबीत ठेवलाय. त्याचं आबांनी स्वतः पाडलेलं जास्तीचं भोक अजून आहे. शेवटी शेवटी मनगट बारीक झालं होतं ना, तेव्हाचं.

1979 चं उत्तर लेखी पाठवा. आत्यालाही मी वेगळं पत्र टाकलंय, तेव्हा दोघांनी आधी फोनवर जुळवाजुळव करू नका.

तुमची,
धाकटी