ह्या वर्षी गौरीला मी नसेन

आई, बाबा,

फोनवर आईचा आवाज बारीक झाला की मी सगळ्याला हो हो म्हणून ठेवते, म्हणून लिहूनच पाठवतेय. गणपतीला ह्या वर्षी मी दोनच दिवस येतेय. आदल्या रात्री पोचेन, पंचमीला ऋषीची भाजी जेवून दुपारच्या तवसाळच्या फेरीबोटीने परत. गौरीला नसेन. रजा मिळाली होती, मीच कमी केली, तुमच्याशी खोटं बोलायचं नव्हतं.

माझ्या घरात मांजराची पाच पिल्लं आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारीच्या बोटी बंद, मिरकरवाडा बंदरावर मासळी नाही, जेटीवरच्या मांजरी नुसत्या हाडं झालेल्या आणि त्यातच व्यायतात, मग अंगावर दूध कुठलं राहायला. कोणीतरी ही पाच गोणपाटात घालून माझ्या गेटला ठेवून गेलं. दर तीन तासांनी पावडरीचं दूध द्यावं लागतं, गाईच्या दुधाने जुलाब होतात, आणि ओल्या कापसाने पुसल्याशिवाय त्यांना शूसुद्धा होत नाही. गणपतीत इथे सांभाळायला कोण मिळणार, जो तो गावाला. कॉलेजातली एक मुलगी पंचमीपर्यंत थांबते म्हणाली हेच खूप.

अजून एक, हे सांगितलंच नव्हतं. जुलैत आधीच्या चारातली तीन गेली, पॅनल्यूकोपेनियाने, मांजरांचा विषाणूचा आजार. शेवटचं पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलेलं, तहान होती पण पिता येत नव्हतं, पहाटे चारपर्यंत मी सिरींजने त्याचे ओठ ओले करत होते. आई, त्या आठ दिवसांत मी फोन घेतले नाहीत आणि तू रुसलीस ना, ते ह्यामुळे. तुझ्याशी बोलले असते तर रडले असते.

बाबा, मनी कणगीमागे व्यायली तेव्हा तुम्ही आठ दिवस कणगी उघडू दिली नव्हतीत, शेजारून उसने तांदूळ आणलेत. मला आठवतंय. म्हणून तुम्हाला समजेल असं धरून चाललेय.

माझी काळजी करू नका. जेवणाचा डबा लावलाय, हातावरचा ओरखडा भरला, रेबीजची इंजेक्शनं सगळी पुरी झालीत, आणि पिल्लांचा तो पॅनल्यूकोपेनिया माणसाला होत नाही.

तुमचं ऐका आता. मखराला बाबांनी शिडीवर चढायचं नाही, दादा आल्यावर तो करेल. पायरीवरचं शेवाळ गड्याकडून घासून घ्या. बीपीची गोळी आरतीच्या गडबडीत राहते, सकाळीच घ्या. आई, मोदकांना खाली बसू नकोस, टेबलावर कर, पिठी मी आणते.

आणि आपल्या ठिपकी मांजरीला मी येईन तेव्हा माळ्यावरच ठेवा. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू वर्षभरसुद्धा टिकतो, कपड्याचपलांवरून जातो आणि तिला लस दिलेली नाही. मी विहिरीवर आंघोळ करून, तिकडचेच कपडे घालून घरात येईन, तरी तिला लांबूनच बघेन. ती ओरडेल, माझा आवाज ओळखते, पण दार उघडू नका.

तुमची,
बाबी