रेडिओवरच्या बोलण्यालाही पानावर जागा हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत चित्रपट, नाटकं आणि मालिकांची परीक्षणं नियमित येतात. मी ती आवडीने वाचतो. पण रेडिओवर दिवसभर जे बोललं जातं, म्हणजे मुलाखती, भाषणं, परिचर्चा, रूपकं, नभोनाट्यं, पुस्तकवाचन, त्याची साधी दखलही कुठे नसते. कधी काय लागणार हे श्रोत्याला कळत नाही आणि कळतं तेव्हा कार्यक्रम होऊन गेलेला असतो.

हा अबोला जुना आहे. १९२३ साली ब्रिटनमधल्या वृत्तपत्र प्रकाशकांनी बीबीसीच्या कार्यक्रमांची यादी पैसे घेतल्याशिवाय छापणार नाही, असं बजावलं होतं. त्यावर बीबीसीने स्वतःचंच साप्ताहिक काढलं. 'रेडिओ टाइम्स'चा पहिला अंक २८ सप्टेंबर १९२३चा. पुढे १९२९ साली केवळ रेडिओवरची भाषणं वाचायला मिळावीत म्हणून 'द लिसनर' निघालं आणि ते १९९१ पर्यंत टिकलं. हवेत विरून जाणारं बोलणं वाचण्यासाठी इतकी वर्षं वाचक होता, हे आपण लक्षात घ्यावं.

मला इथे एखाद्या कार्यक्रमाची नाही, तर अख्ख्या दिवसाची बाजू मांडायची आहे. बीबीसी रेडिओ ४चा दिवस पाहा. पहाटे ३१ सागरी विभागांचं हवामान, मग बातम्या आणि मंत्र्यांची उलटतपासणी, १९४६पासून चालत आलेला स्त्रियांचा तास, दुपारी नभोनाट्य, संध्याकाळी 'द आर्चर्स', रात्री पुस्तकवाचन. यातली 'द आर्चर्स' ही मालिका १९५१ साली देशभर सुरू झाली तेव्हा शेतकऱ्यांपर्यंत शेतीची माहिती पोचवणं हा तिचा एक हेतू होता. फ्रान्स कल्चर आणि जर्मनीतलं डॉइचलांडफुंक हीसुद्धा अशीच मुख्यतः बोलण्यावर उभी असलेली केंद्रं.

अशा दिवसात ऐकणारा आपण न निवडलेल्या विषयापर्यंत पोचतो. बातम्यांसाठी रेडिओ लावलेला माणूस खगोलशास्त्रावरची चर्चा ऐकत बसतो. पॉडकास्ट मीही ऐकतो, त्यांत उत्तम काम होत आहे. पण तिथे आपण आपल्या आवडीचंच उचलतो आणि पुढची शिफारसही त्याच आवडीची येते. ज्याची आपल्याला गोडी आहे हेच ठाऊक नव्हतं, ते तिथे क्वचितच भेटतं.

नभोनाट्याबद्दल थोडं अधिक लिहितो, कारण सर्वांत जास्त उपेक्षा त्याचीच होते. रेडिओसाठीच लिहिलेलं बीबीसीचं अगदी सुरुवातीचं एक नाटक जानेवारी १९२४मध्ये प्रसारित झालं. ते घडतं कोळशाच्या खाणीत, दिवे गेल्यानंतर. पात्रांना काही दिसत नाही आणि श्रोत्यालाही दिसत नाही. डोळ्यांची उणीव लेखकाने नाटकाचाच विषय करून टाकली! पाण्याचा आवाज, दुरून येणारी हाक, मध्येच थांबलेला श्वास, यांतून जागा उभी करायची हे फार अवघड काम आहे. ते करणाऱ्या लेखकाचं आणि ध्वनिसंयोजकाचं नाव छापून येऊ नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

साधं भाषणही सोपं नसतं. वाचक मागचं वाक्य पुन्हा वाचू शकतो. प्रसारण सुरू असताना श्रोत्याला ती सोय नाही. म्हणून वाक्य लहान हवं, नाव वेळेवर पुन्हा यायला हवं, आकडे मोजकेच हवेत. १९२७पासून बीबीसीच्या भाषण विभागाची धुरा वाहणाऱ्या हिल्डा मॅथेसन यांचा आग्रह असे की, सभेपुढे व्याख्यान दिल्यासारखं नको, एका माणसाशी बोलल्यासारखं बोला. या कसोटीवर आजचे कार्यक्रम कोणीतरी जाहीरपणे तपासायला हवेत. अंध श्रोत्यांना, अंथरुणाला खिळलेल्यांना, हात कामात गुंतलेल्यांना रेडिओची सोबत असते. निदान त्यांच्यासाठी तरी त्याचा दर्जा कोणी जोखावा.

माझी विनंती मोठी नाही. दूरचित्रवाणीला आपण जेवढी जागा देता, तिच्या चौथाईत दुसऱ्या दिवशीच्या बोलक्या कार्यक्रमांची वेळ आणि विषय देता येईल. आठवड्यातून एकदा एखाद्या कार्यक्रमाचं परीक्षण यावं, कौतुक असो वा टीका. सुरुवात नभोनाट्यांपासून केलीत तर बरं. ती चुकली की पुन्हा लागतीलच याची खात्री नसते.

आपला,
एक वाचक आणि श्रोता