राखणदाराला भूत करू नका

महोदय,

हल्ली मोबाइलवर कोकणातल्या भयकथांचे लघुपट धो धो येत आहेत. पावसाळी रात्र, कौलारू घर, देवराईत पेटलेली पणती आणि शेवटी देवच माणसाच्या मानगुटीवर! इथेच माझं अडतं. आरवली गावचा राखणदार देव वेतोबा; त्याला लोक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. तो रात्री राखणीला फिरतो म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा. सातेरी देवी तर वारुळाच्या रूपात पुजली जाते. यात भीती नाही असं नाही. देवापुढे घातलेल्या गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणताना या वयातही माझ्या अंगावर काटा येतो. पण तो धाक घरातल्या वडीलधाऱ्याचा, चेटकाचा नव्हे. एवढा फरक कळला तरी ते कर्कश पार्श्वसंगीत निम्मं कमी होईल. नरबळी ही 'इथली प्रथा' म्हणून दाखवणं मात्र निव्वळ खोडसाळपणा आहे. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे तरी ठाऊक असावं.

घाबरवा जरूर, पण आधी एखाद्या जत्रेत रात्रभर बसून दशावतार बघा. काळ्या वेषातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर पोरांना आधी रडवतो आणि घटकाभरात खो खो हसवतो.

– एक वाचक, वेंगुर्ले